प्राण, श्वास आणि मापक : प्लॅटफॉर्म खेळांतील दोन चिन्हांचा विचार

व्हिडिओ गेमविषयीच्या समीक्षेत पडद्याच्या कडेला असणाऱ्या चिन्हांकडे सहसा दुर्लक्ष होते. नायकाची आकृती, तिचा प्रवास, पार्श्वभूमीची चित्रे, संगीत, कथेचा सांगाडा यांची चर्चा होते. वरच्या कोपऱ्यातील पट्टी, त्रिकोणांची ओळ किंवा घटत जाणारे वर्तुळ यांचे स्थान मात्र नाट्यगृहातील बाहेर जाण्याच्या दारावरील पाटीसारखे मानले जाते : सोयीची, आवश्यक, पण प्रयोगाचा भाग नसलेली. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. या चिन्हांवाचून अनेक खेळ खेळताच येत नाहीत, हा त्यातला गौण मुद्दा. महत्त्वाचा मुद्दा असा की, त्या त्या खेळात ‘जिवंत असणे’ म्हणजे काय याची व्याख्या याच चिन्हांत लिहिलेली असते, आणि ती व्याख्या खेळागणिक बदलते.

येथे विचार केला आहे तो प्लॅटफॉर्म या प्रकारापुरता, म्हणजे ज्यात खेळाडूच्या ताब्यातील आकृती एका फलाटावरून दुसऱ्यावर उड्या मारीत, खड्डे आणि शत्रू चुकवीत पुढे जाते अशा खेळांचा. ‘डाँकी काँग’ (१९८१) पासून हा प्रकार रूढ झाला. या खेळांत दोन मापके आढळतात. एक आरोग्याचे : आकृती आणखी किती आघात सोसू शकेल हे सांगणारे. दुसरे श्वासाचे : पाण्याखाली आणखी किती वेळ तग धरता येईल हे सांगणारे. पहिले मापक जवळजवळ सर्वत्र या ना त्या रूपात असते. दुसरे मोजक्याच ठिकाणी असते. या दोहोंचे परस्परनाते हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

आरंभीच्या खेळांत मापक नव्हते असे म्हणण्यापेक्षा ते वेगळे काढलेले नव्हते असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्ये मारिओ लहान असतो किंवा मोठा असतो. अळंबी खाल्ली की मोठा, धक्का लागला की पुन्हा लहान, लहान असताना धक्का लागला की मृत. येथे देह हाच स्वतःचे मापक आहे. चिन्हक आणि चिन्हित यांत अंतरच पडलेले नाही. याच खेळात पाण्याखालचे टप्पेही आहेत, पण तेथे मारिओचा श्वास संपत नाही. तो मासा नाही, तरी हवे तितका वेळ पोहतो. त्याला घेरून असते ते फक्त पडद्यावरचे घड्याळ. पहिल्या टप्प्यात ते ४०० पासून उलटे मोजू लागते आणि १०० च्या आत आले की संगीताची गती वाढते. हे घड्याळ जमिनीवर आणि पाण्यात सारखेच चालते. म्हणजे पाणी या खेळात एक वेगळी चाल आहे, वेगळे संकट नाही. पाण्याला अद्याप मृत्यूचा स्वतंत्र अर्थ प्राप्त व्हायचा आहे.

देहापासून मापक सुटे झाल्यावर काय घडते ते ‘मेगा मॅन’ (१९८७) मध्ये स्पष्ट दिसते. तेथे उभी पट्टी आहे आणि तिच्यात २८ रेघा आहेत. टप्प्याच्या अखेरीस भेटणाऱ्या प्रमुख शत्रूलाही तशीच, तेवढ्याच रेघांची पट्टी दिलेली आहे. नायक आणि प्रतिनायक यांचे आयुष्य एकाच मापाने मोजले जाते. पडद्यावर दोन पट्ट्या समोरासमोर उभ्या राहतात आणि द्वंद्वाचे रूपांतर दोन जमाखर्चांच्या तुलनेत होते. जॉर्डन मेकनरच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) मध्येही डाव्या कोपऱ्यात राजपुत्राचे तीन त्रिकोण आणि उजवीकडे प्रतिस्पर्ध्याचे त्रिकोण असतात. मेकनरने आपल्या धाकट्या भावाच्या हालचालींचे चित्रीकरण करून त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या होत्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ज्या देहाला इतकी सजीव, वजनदार हालचाल दिली, त्याच देहाची अवस्था सांगण्यासाठी मात्र तीन रंगीत त्रिकोण लागले. देह इतका बोलका असून आपल्या जखमेविषयी तो मुकाच राहिला. एक त्रिकोण उरलेला राजपुत्र तितक्याच डौलाने उडी मारतो.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा प्रश्न मांडला तर तो अधिक धारदार होतो. रस हा त्याच्या नावाने सांगता येत नाही, तो विभाव-अनुभावांच्या द्वारे व्यंजित व्हावा लागतो, हा आनंदवर्धनाचा आग्रह. आणि रसाचा किंवा भावाचा स्वशब्दाने उच्चार करणे हा मम्मटाने नोंदवलेला रसदोष. ‘तो घाबरला’ असे सांगून भय उत्पन्न होत नाही. कंप, स्वेद, वैवर्ण्य दाखवावे लागते. या कसोटीवर आरोग्यमापक म्हणजे स्वशब्दवाच्यतेचा कळसच म्हणावा लागेल. ‘या आकृतीचे आयुष्य तीन अष्टमांश उरले आहे’ असे ते थेट, अंकात सांगते. कित्येक समीक्षक आणि कित्येक रचनाकारही मापकाविषयी जी नाराजी व्यक्त करतात तिच्या मुळाशी, नकळत का होईना, हाच निकष असतो. मापक हे कथनविश्वाच्या बाहेरचे, म्हणून ते तन्मयतेचा भंग करणारे, म्हणून ते जितके लपेल तितके बरे, असा हा युक्तिवाद आहे.

त्यातील पहिले विधान अंशतः खरे आहे. अलेक्झांडर गॅलोवे यांनी ‘गेमिंग’ (२००६) या ग्रंथात खेळांतील कृतींची कथनांतर्गत आणि कथनबाह्य अशी विभागणी केली आहे, आणि मापक उघडच कथनबाह्य बाजूला पडते : मारिओला स्वतःच्या डोक्यावरचे वर्तुळ दिसत नाही. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासताना काव्य आणि खेळ यांतील एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. काव्यातील नायकाची अवस्था शब्दांच्या अलीकडे किंवा पलीकडे कोठेही साठवलेली नसते. शब्द तिला सूचित करतात आणि सहृदय ती अनुभवतो. खेळात मात्र आकृतीचे आयुष्य ही यंत्राच्या स्मृतीत प्रत्यक्ष नोंदलेली संख्या असते. ती शून्य झाली की आकृती मरते. आकृतीचे चित्र त्या संख्येचे कारण नसते. म्हणजे नेहमीचा क्रम येथे उलटा झालेला आहे. सामान्यतः देह हे वास्तव आणि मापक हे त्याचे चिन्ह, असे वाटते. खेळात संख्या हे वास्तव आहे, मापक तिचे सर्वांत जवळचे चिन्ह आहे, आणि धावणारा, उड्या मारणारा देह हे तिचे दूरचे, अलंकृत चिन्ह आहे. चार्ल्स पर्स यांच्या भाषेत बोलायचे तर मापक हे केवळ संकेतचिन्ह नव्हे. धुराचा अग्नीशी असतो तसा त्याचा आपल्या विषयाशी कार्यकारणाचा संबंध आहे, म्हणून ते निर्देशक चिन्हही आहे. देहाचे चित्र अनेकदा एवढाही संबंध राखीत नाही. त्यामुळे मापकाला दोष देऊन देहाच्या चित्राला काव्यात्म ठरवणे हे घाईचे होते. स्वशब्दवाच्यतेचा दोष काव्यात जेथे लागू पडतो तेथून तो उचलून येथे ठेवता येत नाही. येथे विचारायला हवा तो वेगळाच प्रश्न : मापक जे सांगते ते कसे सांगते, आणि सांगण्याच्या त्या रीतीतून कोणता अर्थ निष्पन्न होतो?

या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध उदाहरण ‘सुपर मारिओ ६४’ (१९९६) हे आहे. तेथील मापक वर्तुळाकार असून त्याचे आठ भाग आहेत. पूर्ण भरलेले असताना ते दिसतच नाही. धक्का लागला, उंचावरून पडणे झाले किंवा मारिओ पाण्यात उतरला की ते पडद्यावर अवतरते. भाग कमी होतात तसा रंग पालटतो, शेवटचे भाग लाल होतात. निरोगी देहाला देहाची जाणीव नसते, दुखू लागले की अवयव असल्याचे कळते, ही गोष्ट या लपण्या-दिसण्यातून कोणताही गाजावाजा न करता सांगितली गेली आहे. मापकावर शब्द आहे तो ‘पॉवर’. आयुष्य नव्हे, श्वास नव्हे. हा शब्द बुद्धिपुरस्सर निवडला की सहज पडला, याची चिकित्सा करण्याचे कारण नाही. त्याच्या मोघमपणामुळे काय शक्य झाले ते महत्त्वाचे आहे.

शक्य झाले ते असे. मारिओ पाण्याखाली गेला की हेच वर्तुळ श्वासाचे मापक बनते. दुसरे चिन्ह येत नाही. शत्रूच्या धडकेने जे भाग कमी होतात तेच भाग आता नुसत्या काळाच्या ओघाने कमी होऊ लागतात; पूर्ण वर्तुळ रिकामे व्हायला एक मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. पाण्याच्या पृष्ठभागावर डोके काढले की वर्तुळ पुन्हा भरते. अलंकारशास्त्रात याला श्लेष म्हणतात : एक चिन्हक, दोन चिन्हिते, आणि संदर्भ बदलताच एकातून दुसऱ्यात होणारे संक्रमण. पण हा श्लेष केवळ चमत्कृतीचा नाही, कारण दोन्ही अर्थ एकाच संख्येवर उभे आहेत. पाण्याखाली माशाने दिलेला धक्का आणि कोंडलेला श्वास एकाच खात्यातून वजा होतात. त्याहून विलक्षण म्हणजे, जमिनीवर जखमी झालेला मारिओ तळ्यात उडी मारून वर आला तर त्याच्या जखमाही भरून निघतात. श्वास घेतला, आणि आयुष्य परत आले. खेळाडू ही युक्ती लवकरच शिकतात आणि तिला युक्ती म्हणूनच वापरतात. तथापि तिच्यातून खेळाने एक सिद्धान्त मांडला आहे : श्वास आणि जीव या दोन गोष्टी नाहीत.

मराठीभाषकाला हा सिद्धान्त अपरिचित नाही. ‘प्राण’ या एकाच शब्दात वायू आणि जीवित हे दोन्ही अर्थ नांदतात. जीव गुदमरतो, प्राण कंठाशी येतात, संकट टळले की जीवात जीव येतो. भाषेने जे समीकरण शतकानुशतके शब्दांत सांभाळले तेच या मापकाने आठ रंगीत तुकड्यांत मांडले आहे. जपानी भाषेतही श्वासाला ‘इकी’ म्हणतात आणि जगण्याच्या क्रियापदाचे अंगही त्याच ध्वनींनी बनते. हा खेळ जपानमध्ये घडला एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. श्वास आणि जीव यांची सांगड अनेक भाषांनी आपापल्या परीने घातलेली आहे, आणि एकच वर्तुळ वापरण्यामागे पडद्यावरील गर्दी टाळण्याचा साधा व्यावहारिक हेतूही असू शकेल. कारण काहीही असो, परिणाम अर्थपूर्ण आहे.

या श्लेषाचा विस्तार खेळाने किती काळजीपूर्वक केला आहे ते आणखी काही स्थळांवरून दिसते. ‘हेझी मेझ केव्ह’ या गुहेत विषारी वायूने भरलेला एक चक्रव्यूह आहे. तेथे पाणी नाही, तरी वर्तुळ काळाच्या ओघाने घटू लागते, कारण श्वास घेण्याजोगी हवा नाही. म्हणजे मापक पाण्याशी नव्हे, हवेशी बांधलेले आहे. बर्फाच्या प्रदेशात याहून कठोर उलट घडते. तेथील पाण्यात वर्तुळ तिप्पट वेगाने घटते आणि डोके पृष्ठभागावर काढले तरी भरत नाही, घटतच राहते. हवा आहे, पण थंडी देह पोखरते आहे. इतर सर्व तळ्यांनी शिकवलेला ‘वर या आणि जगा’ हा नियम या एका तळ्यात मोडतो, आणि खेळाडूला तो मोडल्याचे कळते ते केवळ मापकाकडे पाहून. श्क्लोव्स्कीने अपरिचितीकरणाची कल्पना मांडली ती भाषेच्या संदर्भात. सवयीने बोथट झालेल्या चिन्हाला पुन्हा पाहायला लावणे एवढाच तिचा आशय घेतला तर हे थंड पाणी तिचे उत्तम उदाहरण ठरेल. धातूची टोपी घातलेला मारिओ याच्या दुसऱ्या टोकाला आहे. तो पाण्यात तरंगत नाही, तळावरून चालतो, आणि त्याचे वर्तुळ घटत नाही. जो श्वास घेत नाही तो गुदमरत नाही. परंतु तो तितका वेळ सजीवही राहिलेला नाही, वस्तू झालेला आहे.

नाण्यांचा मुद्दा येथेच घेणे इष्ट. या खेळात पिवळे नाणे उचलले की वर्तुळाचा एक भाग भरतो, लाल नाण्याने दोन, निळ्याने पाच. पाण्याखाली नाणे उचलले तरी तेच घडते, म्हणजे नाण्याने श्वास मिळतो. यावरून पैशाने प्राण विकत मिळण्याचे भांडवलशाही रूपक उभे करण्याचा मोह समीक्षकाला होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. या नाण्याने काहीही विकत घेता येत नाही. ते नाणे दिसायला आहे, कार्याने ते अन्नाच्या जवळचे आहे. दृश्यरूपाला कार्यापेक्षा अधिक प्रमाण मानले की अशी वाचने निर्माण होतात, आणि खेळांच्या समीक्षेत ती वाजवीपेक्षा जास्त झाली आहेत.

देहाच्या चित्राने या सर्व व्यवहारात काही भाग घेतला आहे काय? थोडा घेतला आहे. वर्तुळ जवळजवळ रिकामे असताना मारिओला नुसते उभे ठेवले तर तो धापा टाकतो. हा शुद्ध अनुभाव आहे. पण खेळाडूने कळ दाबताच तो पूर्ववत धावतो, तितकीच उंच उडी मारतो. थकवा दिसतो, बाधत नाही. अनुभाव आहे, परंतु त्यामागे स्थायी काही नाही. तो अलंकार म्हणूनच राहतो.

‘सॉनिक द हेजहॉग’ (१९९१) ची रचना याच्या नेमकी उलट आहे. तेथे आरोग्याचे मापक म्हणजे गोळा केलेली वलये. एक वलय हाताशी असले तरी धक्का सोसता येतो. मात्र धक्का लागताच सगळी वलये विखुरतात, त्यांपैकी काही घाईने परत गोळा करता येतात. वलय नसताना धक्का लागला की मृत्यू. श्वासाचा हिशोब याहून सर्वस्वी निराळा ठेवलेला आहे. पाण्याखाली सॉनिकला सुमारे ३० सेकंद मिळतात, आणि वलये एक असोत वा शंभर, त्यांचा या सेकंदांशी काडीचाही संबंध नाही. वर्तुळात भरलेल्या नाण्याने मारिओला श्वास मिळतो. शंभर वलये घेऊन सॉनिक बुडतो. संपत्ती आणि प्राण यांची खाती येथे वेगळी आहेत, आणि एकातून दुसऱ्यात काहीच वळते करता येत नाही.

शिवाय या दुसऱ्या खात्याचे दृश्य मापकच नाही. काही काळ काहीच दिसत नाही, मधूनमधून एक इशाऱ्याचा ध्वनी होतो. मग अखेरच्या काही क्षणांत चालू असलेले संगीत तुटते, त्या जागी उत्तरोत्तर गती वाढवणारी एक छोटी धून सुरू होते आणि सॉनिकच्या डोक्याजवळ पाच, चार, तीन असे आकडे उमटू लागतात. ज्यांनी हा खेळ बालपणी खेळला त्यांना ही धून पुढे कितीतरी वर्षे अस्वस्थ करते, हा अनुभव खेळाडूंमध्ये इतका सार्वत्रिक आहे की त्यासाठी वेगळा पुरावा देण्याची गरज नाही. अस्वस्थतेचे कारण केवळ ध्वनीत नाही. मारिओचे वर्तुळ पाण्यात शिरताक्षणीच हिशोब मांडते; खेळाडू प्रत्येक क्षणी किती उरले ते जाणतो आणि त्यानुसार बेत आखतो. सॉनिक बहुतांश काळ हे ज्ञान नाकारतो आणि ते देतो तेव्हा त्याचा उपयोग करण्यास फारसा अवकाश उरलेला नसतो. पहिल्या रचनेत काळ हा साठा आहे, दुसरीत काळ हा अचानक पुढे आलेला हात आहे.

‘लॅबिरिंथ झोन’ या टप्प्यात तळातील फटींतून हवेचे बुडबुडे निघतात. लहान बुडबुडे निरुपयोगी, मोठा बुडबुडा तोंडाशी आला तरच श्वास मिळतो, आणि मोठा बुडबुडा त्याच्या वेळेनेच येतो. त्यामुळे ज्या पात्राची सारी ओळख वेगाशी निगडित आहे त्याला एका फटीवर उभे राहून वाट पाहावी लागते. पाणी त्याची चाल मंदावतेच. पण खरी विटंबना या थांबण्यात आहे. मर्ढेकरांनी लयीच्या चर्चेत संवादाबरोबर विरोधालाही तत्त्वाचे स्थान दिले होते. या खेळाच्या लयीत हा टप्पा विरोधाचे काम करतो, आणि तो विरोध शत्रूच्या बळाने नव्हे, केवळ श्वासाच्या गरजेने उभा केलेला आहे. बुडबुडा मिळताच सॉनिक क्षणभर थबकून तो गिळतो, आकडे नाहीसे होतात, टप्प्याचे संगीत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. ‘पहिल्यापासून’ हे महत्त्वाचे. काही घडलेच नव्हते असे यंत्र म्हणते. खेळाडूच्या हातांना मात्र अजून घाम सुटलेला असतो. म्हणजे सात्त्विक भाव पडद्यावर नसून प्रेक्षागारात आहेत. भयाचे अनुभाव आकृतीने दाखवावेत ही अपेक्षा खेळाच्या बाबतीत किती अपुरी आहे हे या एका प्रसंगावरून स्पष्ट व्हावे.

श्वास आणि आयुष्य यांचे तिसरे नाते क्रमाचे आहे. ‘टूम रेडर’ (१९९६) मध्ये दोन स्वतंत्र पट्ट्या आहेत; हवेची पट्टी संपली की आयुष्याची पट्टी झपाट्याने घटू लागते. ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ (२००७) मध्ये मारिओच्या मालिकेनेही स्थूलमानाने हाच मार्ग स्वीकारला : आयुष्य तीन घटकांचे, श्वासाचे मापक निराळे, आणि श्वास सरल्यावर आयुष्याची घट. वैद्यकीय दृष्टीने ही रचना सर्वांत तर्कशुद्ध म्हणता येईल. श्वासाचा अभाव हे कारण, मृत्यू हे कार्य, आणि दोहोंमध्ये थोडे अंतर. परंतु या तर्कशुद्धतेत ‘मारिओ ६४’ च्या वर्तुळाचा आशय हरवला. श्वास आता जीवाभोवतीचे एक कुंपण झाला. कुंपण तुटल्यावर मग जीव. ‘टूम रेडर’ मध्ये तर बुडणारी लारा औषधाची पेटी वापरून पाण्याखालचे आयुष्य काही क्षण लांबवू शकते. मलमपट्टीने हवेची उणीव भरून निघते हे वास्तवाच्या निकषावर हास्यास्पद आहे, पण नियमाच्या निकषावर निर्दोष आहे, कारण पट्टी एकच गोष्ट जाणते : संख्या. येस्पर यूल यांनी ‘हाफ-रिअल’ (२००५) मध्ये खेळांतील कल्पित विश्वे अनेकदा विसंगत असतात आणि त्या विसंगतीचे स्पष्टीकरण नियमांकडे गेल्यावाचून देता येत नाही असे दाखवले आहे. ‘डाँकी काँग’ मधील नायकाला तीन आयुष्ये का, हा त्यांचा प्रश्न. लाराची औषधाची पेटी याच जातीची आहे. मात्र यूल यांच्या मांडणीत अशा ठिकाणी कल्पित विश्व मागे सरते आणि नियम उघडे पडतात. मारिओच्या वर्तुळात तसे घडत नाही. तेथे नियम पुढे आला म्हणूनच कल्पिताला अर्थ मिळाला. यूल यांच्या मांडणीला येथे एक पुरवणी जोडणे आवश्यक आहे.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये कलाव्यवहाराचे लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद असे दोन ध्रुव मानून, कोणत्याही एका ध्रुवावर कायमचे स्थिरावणे कसे अशक्य आहे याची चर्चा केली. ती चर्चा करताना त्यांच्यासमोर व्हिडिओ गेम असण्याचे कारण नव्हते. तरीही मापकाची जागा दाखवायला ती मांडणी उपयोगी पडते. खेळाचे नियम हे आपल्यातच पूर्ण, बाहेरच्या जगाला उत्तरदायी नसलेले. बुडणे, गुदमरणे, धाप लागणे हे मात्र सर्वस्वी लौकिक, देहाने जाणलेले. मापक या दोहोंच्या सीमेवर आहे. त्याला केवळ नियमाचे उपकरण मानणारे आणि केवळ कथनाचा अडथळा मानणारे, दोघेही एकेका ध्रुवावर उभे आहेत.

मापकाच्या सत्तेला मर्यादा आहे, ही गोष्टही येथे नोंदली पाहिजे. आठही भाग भरलेला मारिओ अथांग दरीत पडला की मरतो. ‘मेगा मॅन’ मध्ये सर्व २८ रेघा शाबूत असताना काट्यांना स्पर्श झाला तरी अंत होतो. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तील सळयांवर कोसळणाऱ्या राजपुत्राच्या त्रिकोणांना कोणी विचारीत नाही. म्हणजे मापक मोजते ते एका जातीच्या मृत्यूला, जो हप्त्याहप्त्याने येतो आणि ज्याच्याशी वाटाघाट करता येते. दुसऱ्या जातीचा मृत्यू मोजमापाच्या बाहेरच राहतो. प्लॅटफॉर्म हा प्रकार मुळात उडीचा आणि खड्ड्याचा. खड्डा हा त्याचा आद्य मृत्यू, आणि आरोग्य ही नंतरची सवलत. श्वासमापक या दोहोंच्या मध्ये येते. पाण्यातला मृत्यू खड्ड्यासारखा स्थळाशी बांधलेला आहे, पण आरोग्यासारखा हळूहळू येतो. जणू ज्यात पडायला वेळ लागतो असा खड्डा.

‘बँजो-काझूई’ (१९९८) मधील ‘रस्टी बकेट बे’ हे बंदर या संदर्भात विसरता येणार नाही. तेथील पाणी तेलाने माखलेले आहे, आणि त्यात बँजोचा श्वास पृष्ठभागावर असतानाही घटतो; बुडी मारली तर दुप्पट वेगाने. लहान मुलांसाठी रचलेल्या, विनोदी पात्रांनी गजबजलेल्या या खेळात प्रदूषणाविषयी एकही गंभीर वाक्य नाही. पडद्यावरचे हवेचे बुडबुडे एकामागून एक फुटतात, डोके पाण्याच्या वर असूनही. उपदेशाच्या कितीतरी परिच्छेदांनी न साधणारे काम नियमातील एका फेरफाराने साधले आहे, आणि ते साधण्यासाठी मापक दिसणे अपरिहार्य होते. ते लपवले असते तर खेळाडूला अन्यायाने मेल्यासारखे वाटले असते, बंदर मेले आहे हे कळले नसते.

अलीकडच्या काळात मापक पुसून टाकण्याकडे कल दिसतो. ‘सेलेस्ट’ (२०१८) मध्ये आरोग्याचे मापक नाही, एक धक्का म्हणजे अंत. कड्याला लटकण्याची ताकद मात्र मर्यादित आहे, आणि ती सरत आली की मॅडलीनची आकृती लाल लुकलुकू लागते. हे वैवर्ण्य होय, आणि धापा टाकणाऱ्या मारिओप्रमाणे ते पोकळ नाही. पुढच्या क्षणी हात सुटणार असतो. येथे देहाच्या चित्राने मापकाचे काम खरोखर अंगावर घेतले आहे. अशा रचनांचे कौतुक करावेच. पण त्यांच्या आधारे मापक हा माध्यमाच्या बालपणाचा अवशेष होता असे जे म्हटले जाते ते मान्य होण्यासारखे नाही. तेलकट बंदर आणि थंड तळे या गोष्टी लुकलुकणाऱ्या आकृतीने सांगता आल्या नसत्या. तेथे अर्थ आहे तो ‘किती’ यात नव्हे, ‘अपेक्षेच्या विरुद्ध किती’ यात. आणि अपेक्षा घडायला मोजमाप लागते.

‘इनसाइड’ (२०१६) हा डेन्मार्कमधील प्लेडेड या संस्थेचा खेळ या वादात दोन्ही बाजूंनी उद्धृत होऊ शकेल असा आहे. पडद्यावर एकही अक्षर नाही, अंक नाही, पट्टी नाही. अनाम मुलगा पाण्याखाली थोडाच काळ तग धरतो आणि मग बुडतो. किती काळ, हे खेळाडू बुडून बुडून शिकतो. मनातल्या मनात मोजू लागतो. पुढे पाण्यात एक लांब केसांची आकृती त्याचा पाठलाग करते आणि एकदा त्याला पकडून तळाकडे ओढून नेते. मुलगा निश्चल होतो. त्यानंतर तो हलू लागतो, पोहू लागतो, आणि बुडत नाही. खेळ हे कोठेही सांगत नाही. खेळाडू सवयीने मोजत असतो; हिशोब संपतो, ठरलेला क्षण उलटून जातो, मुलगा पोहतच असतो. त्याला काय झाले आहे, तो आता जिवंत कोणत्या अर्थाने आहे, हा प्रश्न ज्या ठिकाणी उपस्थित होतो ते ठिकाण पडद्यावर नाही. ते खेळाडूच्या मनातील त्या अदृश्य पट्टीवर आहे, जी रिकामी झाल्यावरही खेळ चालू राहिला.